गाडीचे शॉकअप आणि स्ट्रट कधी बदलावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शॉकअप नेमकं काय काम करतो?

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग दबते आणि लगेच उसळते. ती एकटीच असती तर गाडी बराच वेळ वरखाली होत राहिली असती. ही उसळी आवरायला शॉकअप लागतो. त्याच्या नळीत तेल असतं आणि तेलात पिस्टन सरकतो. पिस्टनला बारीक भोकं आणि पातळ झडपा असतात. दांडा आत-बाहेर झाला की तेलाला त्या अरुंद वाटेने जबरदस्तीने जावं लागतं, आणि उसळीतली ऊर्जा तेलाच्या उष्णतेत जिरते. म्हणूनच खराब रस्त्यावर बरंच अंतर गेल्यावर चांगला शॉकअप हाताला गरम लागतो.

प्रवास सुखाचा होणं हा त्याचा एक फायदा आहे, पण माझ्या लेखी तो दुय्यम. टायर रस्त्याला चिकटवून ठेवणं हे त्याचं खरं काम. ब्रेक कितीही चांगले असोत, हवेत उडालेलं चाक गाडी थांबवू शकत नाही आणि वळवूही शकत नाही. शॉकअप बदलायचा की नाही हे ठरवताना आधी हा विचार करा, सीट किती हादरते ते नंतर पाहा.

मग स्ट्रट म्हणजे काय? तो शॉकअपपेक्षा वेगळा असतो का?

स्ट्रटच्या पोटात शॉकअपच असतो, पण त्याच्यावर जबाबदारी जास्त असते. साधा शॉकअप फक्त उसळी आवरतो. तो काढला तरी चाक आपल्या जागी राहतं. स्ट्रट मात्र सस्पेन्शनच्या, म्हणजे चाक गाडीला जोडून धक्के झेलणाऱ्या रचनेच्या, सांगाड्याचाच भाग आहे. चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो धातूचा भाग, त्याला बोल्टने जोडलेला असतो, स्प्रिंग त्याच्यावरच बसते, आणि पुढच्या चाकांत स्टिअरिंग फिरवलं की अख्खा स्ट्रट वरच्या बेअरिंगवर फिरतो. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना आखली. सुटे भाग कमी आणि जागाही कमी लागते, म्हणून आज बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांच्या पुढच्या बाजूला तीच दिसते. मागे बहुधा स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो.

हा फरक खिशाला आणि वेळेलाही लागतो. मागचा सुटा शॉकअप बदलणं त्या मानाने सोपं. स्ट्रट बदलायचा तर स्प्रिंग दाबून उतरवावी लागते आणि नंतर अलाइनमेंटही, म्हणजे चाकांचे कोन जुळवणंही, करावं लागतं.

किती किलोमीटरला बदलावेत?

८०,००० किलोमीटर हा आकडा तुम्ही ऐकला असेल. अनेक शॉकअप उत्पादक तोच सांगतात, आणि दर २०,००० किलोमीटरला तपासून घ्या असंही सांगतात. यामागचा हिशोब असा: साध्या रस्त्यावरसुद्धा एका किलोमीटरमध्ये शॉकअप हजाराच्या आसपास वेळा आत-बाहेर होतो. म्हणजे ८०,००० किलोमीटरपर्यंत सुमारे ८ कोटी हालचाली. तोवर झडपा थोड्या झिजलेल्या असतात, सील (दांड्याभोवती तेल अडवणारं रबर) कडक झालेलं असतं आणि तेलाचा मूळचा गुण उतरलेला असतो.

तरीही निव्वळ आकड्यावर शॉकअप बदलू नयेत असं माझं ठाम मत आहे. गुळगुळीत महामार्गावर धावलेल्या गाडीचे शॉकअप लाखाच्या पुढेही उत्तम असू शकतात. तीच गाडी कच्च्या रस्त्यावर, भरपूर ओझं घेऊन चालली असेल तर ५०,००० च्या आतच ते ढिले पडतात. धूळ, चिखल आणि मीठ हेही मोठे शत्रू आहेत. दांड्यावरच्या चकचकीत मुलाम्याला एकदा गंजाचे ठिपके पडले की प्रत्येक हालचालीत ते सील खरवडत राहतात. म्हणून ८०,००० किलोमीटर ही नीट तपासणी करायची वेळ समजा.

गाडी चालवताना काय जाणवलं की शंका घ्यावी?

ब्रेक लावल्यावर नाक एकदम खाली जातं, वेग घेताना मागचा भाग बसतो, वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते: ही ढोबळ लक्षणं बहुतेकांना माहीत असतात. मी त्याहून बारीक खुणांकडे जास्त लक्ष देतो.

गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा खाली येऊन स्थिर झाली पाहिजे. दुसरा, तिसरा झोका येत असेल तर पुढचा विचार करायला हवा. महामार्गावर पुलाच्या जोडांवरून जाताना मागचा भाग किंचित बाजूला सरकल्यासारखा वाटणं ही त्याहून गंभीर खूण आहे, कारण त्या क्षणी मागची चाकं रस्ता सोडत असतात. खडबडीत वळणावर स्टिअरिंग थोडं थोडं सुधारत राहावं लागणं, मोठा ट्रक शेजारून गेल्यावर गाडी डुलणं, ओबडधोबड रस्त्यावर ब्रेक लावताना एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) नेहमीपेक्षा लवकर थरथरू लागणं, या सगळ्याचं मूळ एकच: टायर आणि रस्ता यांचा संपर्क तुटतो आहे.

आणखी एक लक्षण लोकांना चकवतं. चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) नुकतंच केलेलं असतं, तरी ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. सस्पेन्शनला टांगलेल्या चाकाचा स्वतःचा थरथरण्याचा वेग असतो, सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा. मध्यम आकाराच्या गाडीचं चाकही ८० ते १०० च्या वेगात सेकंदाला साधारण तितक्याच वेळा फिरतं. दोन्ही लयी जुळल्या की बॅलन्सिंगमधली अगदी किरकोळ उणीवही मोठी होते. शॉकअप चांगला असेल तर ती तिथेच दाबून टाकतो, ढिला असेल तर ती तुमच्या हातापर्यंत पोहोचते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करण्यापेक्षा शॉकअप तपासा.

मला तर काहीच फरक जाणवत नाही. मग शॉकअप चांगलेच असतील ना?

याची खात्री देता येत नाही, आणि या विषयातली सर्वात मोठी अडचण हीच आहे. बल्ब उडतो तसा शॉकअप एका दिवसात जात नाही. रोज तीच गाडी चालवणारा माणूस नकळत त्या बदलाशी जुळवून घेतो: वळणावर थोडा आधी वेग कमी करतो, स्टिअरिंग जरा घट्ट धरतो, खड्डे जरा जास्त चुकवतो. मग एखाद्या पावसाळी संध्याकाळी अचानक ब्रेक लावावा लागतो आणि गाडी अपेक्षेपेक्षा लांब जाऊन थांबते.

यावर सोपा उपाय म्हणजे तुमची गाडी कधीच न चालवणाऱ्या, पण तशीच गाडी असणाऱ्या ओळखीच्या माणसाला एक फेरी मारायला सांगा. तुमच्या अंगवळणी पडलेलं त्याला पहिल्या वळणावरच जाणवेल.

बॉनेट दाबून सोडलं आणि गाडी एकदाच हलली, तर शॉकअप ठीक समजायचे का?

नाही. ही परीक्षा एकाच बाजूने विश्वासाची आहे. गाडी दोन-तीनदा झुलली तर शॉकअप नक्की गेलेला आहे. पण ती लगेच थांबली म्हणून तो चांगला, असं सिद्ध होत नाही.

कारण असं की हाताने दाबल्यावर आपण गाडीचं शरीर हलवतो, आणि त्याची नैसर्गिक लय सेकंदाला साधारण एक ते दीड झोक्याची असते. चाकाची लय मघाशी सांगितल्याप्रमाणे त्याच्या कितीतरी पट जलद. त्या जलद हालचालीत शॉकअप कसा वागतो हे हाताला कळूच शकत नाही. शिवाय हल्लीच्या गाड्यांच्या स्प्रिंगा कडक असतात आणि बुशांचं, म्हणजे सांध्यांतल्या रबरी तुकड्यांचं, घर्षणही असतं, त्यामुळे अर्धा मेलेला शॉकअपसुद्धा या परीक्षेत पास होतो.

काही वर्कशॉपमध्ये चाकाखालची पट्टी थरथरवून तपासणारं यंत्र असतं. टायर पट्टीवर किमान किती जोराने टेकून राहतो हे ते मोजतं. टायरमधली हवा कमी-जास्त असेल तर त्याचे आकडे बदलतात, म्हणून आधी हवा योग्य करून घ्या. निकाल वाचताना एकाच धुरीवरच्या डाव्या-उजव्या चाकात किती फरक आहे ते आधी बघा. मोठा फरक दिसला तर काहीतरी नक्की बिघडलेलं आहे.

यंत्र नसेल तर एक जुनी पद्धत उपयोगी पडते. खराब रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा, थांबवून हँडब्रेक लावा आणि चारही शॉकअपच्या नळीला हलकेच हात लावून बघा. बाकीचे कोमट आणि एक थंड असेल तर त्या थंड शॉकअपने काहीच काम केलेलं नाही. जवळचा सायलेन्सर आणि ब्रेक डिस्क मात्र चटका देण्याइतके तापलेले असतात, तिथे हात जाऊ देऊ नका.

शॉकअपवर तेल दिसतंय. लगेच बदलायला हवा का?

किती तेल आहे त्यावर अवलंबून. दांडा वरखाली होताना सीलला ओलं ठेवण्यापुरती तेलाची पातळ थर बाहेर येतेच. तिच्यावर धूळ बसून नळीच्या वरच्या भागावर मळकट, कोरडट पट्टा दिसत असेल तर घाबरू नका. पुसून टाका आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहा.

पण नळी खालपर्यंत ओलीचिंब असेल, ओघळ दिसत असतील किंवा थेंब गळत असतील, तर सील गेलंय आणि शॉकअप बदलण्यावाचून पर्याय नाही. तेल कमी झालं की त्याची जागा वायू घेतो, तेलाला फेस येतो आणि झडपांतून फेस सहज निसटतो. म्हणजे आवरायला काही उरतच नाही. गळती दिसत नाही म्हणून शॉकअप चांगला, असंही धरू नका. आतल्या झडपा झिजल्या तर बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही.

नळीवरचा पोचाही बघा. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये बाहेरच्या नळीला बारीक पोचा पडला तर बहुधा चालून जातं. एकनळी शॉकअपमध्ये मात्र पिस्टन त्याच नळीच्या भिंतीला लागून सरकतो. तिथे पोचा म्हणजे शॉकअप बाद.

टायरवरून काही कळतं का?

बरंच कळतं, आणि टायर सहसा चुकीचं सांगत नाही. टायरच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवा. ठराविक अंतरावर खोलगट, मग उंच, पुन्हा खोलगट असे चट्टे लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. जिथे आपटतं तिथलं रबर घासलं जातं. अशा टायरचा वेगात घूं-घूं आवाजही येतो, आणि पुष्कळ जण तो बेअरिंगचा समजतात.

फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली असेल तर संशय आधी अलाइनमेंटवर घ्या. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य चांगला असेल तर हवा कमी होती. चट्ट्यांसाठीही बॅलन्सिंग किंवा ढिला बॉल जॉइंट (सस्पेन्शनमधला गोळ्यावर फिरणारा सांधा) जबाबदार असू शकतो, तेव्हा तेही तपासून घ्या. चट्टे पडलेले टायर तसेच ठेवून नवे शॉकअप घातले तर आवाज जाणार नाही, आणि उगाच नव्या शॉकअपवर खापर फुटेल.

खडखड आवाज येतोय. म्हणजे शॉकअप गेले?

बहुतेक वेळा नाही. छोट्या खड्ड्यांवर येणारा खडखडाट बरेचदा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कमी कलावी म्हणून दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडचा असतो. हा भाग स्वस्त आहे आणि थोड्या वेळात बदलता येतो. त्याखालोखाल लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या भुजेचे) बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअपच्या टोकाचे रबरी बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना स्प्रिंग तटकन सुटल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटच्या वरचं माउंटिंग किंवा बेअरिंग गेलेलं असतं. मोठ्या खड्ड्यात एकच दणका बसत असेल तर बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर दणका झेलणारा रबरी ठोकळा) तुटून सस्पेन्शन थेट आपटत असण्याची शक्यता आहे.

आवाज नेमका कुठून येतो हे गाडी वर उचलून, प्रत्येक जोड हलवून दाखवल्याशिवाय शॉकअपची जोडी विकत घेऊ नका.

गाडी एका बाजूला किंवा मागे बसल्यासारखी दिसते. शॉकअप बदलून उंची परत येईल?

येणार नाही. उंची स्प्रिंग ठरवते. स्प्रिंगचं टोक तुटलंय का ते बघा. सर्वात खालचा वेढा तुटला तर तो धुळीत लपतो आणि पटकन दिसत नाही. तुटलेलं टोक टायरला लागू शकतं, म्हणून अशी गाडी चालवू नये.

एकच शॉकअप गळतोय. तेवढाच बदलला तर?

जोडीनेच बदला, म्हणजे एका धुरीवरचे दोन्ही. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला असेल तर ब्रेक लावताना आणि वळताना गाडी दोन बाजूंना वेगवेगळी वागते. ओल्या रस्त्यावर हा फरक धोक्याचा. चारही एकदम बदलणं सक्तीचं नाही. पुढचे आणि मागचे वेगवेगळ्या वेगाने झिजतात. जोडी जवळजवळ नवी असताना अपघातात एकच वाकला असेल, तर तेवढा एक बदलणं मला पटतं. पण तो त्याच कंपनीचा आणि त्याच क्रमांकाचा असावा.

सोबत आणखी काय बदलावं?

स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर नवे घालून घ्या. या वस्तू किरकोळ असतात, पण त्यातली एक जरी नंतर बिघडली तरी तीच सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते. डस्ट कव्हर फाटलेलं असेल तर नव्या दांड्यावर पहिल्या दिवसापासून धूळ बसणार. सेल्फ लॉकिंग नटही (आपोआप सैल न होणारे नट) नवेच वापरायला सांगा.

स्ट्रट बदलल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं का?

हो. नकलच्या बोल्टांत थोडी ढील असते आणि तिथे एखादा मिलिमीटर सरकला तरी चाकाचा कल बदलतो. जुन्या बोल्टांच्या जागी खुणा केल्या होत्या असं कुणी सांगितलं तरी अलाइनमेंट टाळू नका. मागचे सुटे शॉकअप बदलले असतील तर बहुधा गरज पडत नाही.

तेलाचा घ्यावा की गॅसचा?

गाडीला मुळात जो आला होता, तसाच घ्या. गॅसच्या शॉकअपमध्येही काम तेलच करतं. आतला नायट्रोजन तेलावर दाब ठेवतो, म्हणजे वेगवान हालचालीत त्याला फेस येत नाही. गॅसवाला शॉकअप घातल्याने गाडीची भार पेलण्याची क्षमता वाढते हा समज चुकीचा आहे. स्प्रिंग मूळचीच ठेवून फार कडक शॉकअप घालण्याचाही मोह टाळा. खराब रस्त्यावर चाक वेळेत खाली येत नाही आणि पकड उलट कमी होते.

हे काम घरी करता येईल?

मागचे सुटे शॉकअप, हाताशी योग्य पाने आणि भक्कम स्टँड असतील तर येईल. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली मात्र कधीच जाऊ नका. काही गाड्यांत मागची धुरी किती खाली लोंबावी हे शॉकअपच ठरवतो. तो सोडला की धुरी खाली पडते, स्प्रिंग निसटते किंवा ब्रेकचा पाइप ताणला जातो. म्हणून बोल्ट सोडण्याआधी धुरीला खालून आधार द्या. बुशमधून जाणारे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

पुढच्या स्ट्रटचं काम घरी करू नका, हे मी आग्रहाने सांगेन. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये इतका जोर असतो की ती सुटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. जुनाट, आट्या झिजलेल्या स्प्रिंग कंप्रेसरवर (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजारावर) विसंबू नये. गॅरेजमध्ये काम चालू असेल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष ठेवा: दांडा फिरू नये म्हणून कुणी तो पक्कडीत धरत नाही ना? मुलाम्यावर एक ओरखडा पुरतो, काही महिन्यांत सील गळायला लागतं. नवा दोन नळ्यांचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून काही वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यावा लागतो, म्हणजे आडवा पडून राहिल्याने आत अडकलेला वायू वर येतो. हे न केल्यास सुरुवातीला टकटक ऐकू येते.

नवे घातल्यावर गाडी कडक का वाटते?

कारण तुम्हाला ढिल्याची सवय झाली होती. बहुतेकांना थोड्या दिवसांत हा कडकपणा जाणवेनासा होतो. फारच धक्के बसत असतील तर टायरची हवा आणि सुट्या भागाचा क्रमांक तपासा. चुकीच्या मॉडेलचे शॉकअप बसवले जाणं तितकंसं दुर्मीळ नाही.

इलेक्ट्रॉनिक शॉकअपचं काय?

त्यांची झीजही तशीच होते, फक्त त्यांना वायर आणि सेन्सर असतात. डॅशबोर्डवर दिवा लागला तर आधी कनेक्टर आणि वायर बघा. त्यांच्या जागी साधे शॉकअप घालायचे तर गाडीच्या संगणकाला ते कळवावं लागतं, नाहीतर दिवा कायम पेटलेला राहतो.

गळका शॉकअप घेऊन किती दिवस गाडी चालवू शकतो?

दांडा तुटला असेल, माउंटिंग सुटलं असेल किंवा स्प्रिंग मोडली असेल तर एक किलोमीटरही नको, गाडी उचलून न्या. नुसती गळती असेल तर वर्कशॉपची वेळ मिळेपर्यंत हळू चालवता येईल. वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, ओझं भरू नका. पाऊस असेल तर लांबचा प्रवास पुढे ढकला, कारण ओल्या रस्त्यावर टायरची पकड आधीच कमी असते आणि उडणारं चाक तीही घालवतं.

काढलेले जुने शॉकअप स्वस्तात दुसऱ्या गाडीला वापरता येतील?

वापरू नका. आत किती झीज झालीय हे बाहेरून दिसत नाही. बहुतेक शॉकअप सीलबंद असतात, नुसतं तेल भरून ते पहिल्यासारखे होत नाहीत. टाकून देतानाही काळजी घ्या. गॅसवाल्या शॉकअपमध्ये दाब शिल्लक असतो, त्यामुळे ते कापू नका आणि आगीजवळ ठेवू नका. वर्कशॉपलाच परत द्या, म्हणजे दाब सोडून आतलं तेल वेगळं काढता येईल.